पंच क्रियापदाच्या अलीकडे अडकतो: पाच मिनिटांचा मराठी स्टँड-अप सेट कसा बांधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसात आणि कट्ट्यावर तुम्ही बोलायला लागलात की लोक पोट धरून हसतात. म्हणून पुण्यात दोन ओपन माइक (कुणालाही स्टेजवर थोडा वेळ देणारे कार्यक्रम) केले, दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं मिळाली आणि दोन्हीकडे हॉल गार. आता हे शिकायचं कसं, कुठे, आणि जमायला किती दिवस लागतात?

आधी गार पडण्याचं कारण. तुमच्या मित्रांना तुमचा बॉस माहीत आहे, त्याची चालण्याची तऱ्हा माहीत आहे, गेल्या दिवाळीत त्याने काय केलं तेही माहीत आहे. तुम्ही नुसतं "आज सर परत आले" म्हटलं तरी निम्मा विनोद त्यांच्याकडे तयार असतो. स्टेजसमोरच्या चाळीस अनोळखी माणसांकडे यातलं काहीच नाही. मग नवखा माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर दीड मिनिट नुसती माहिती देत बसतो, नाहीतर माहिती न देताच पंच, म्हणजे हसवणारा शेवटचा शब्द, मारतो. पहिल्यात लोक कंटाळतात, दुसऱ्यात त्यांना कळतच नाही. म्हणजे शिकायचं आहे ते एवढंच: कमीत कमी माहिती, योग्य क्रमाने, आणि हसण्याचा शब्द अगदी शेवटी. "विनोद रक्तात असावा लागतो" वगैरे बोलणं तूर्त बाजूला ठेवा. रक्तात काहीही असलं तरी वाक्य बसून लिहावंच लागतं.

आता हिशेब. स्टेजवर मराठी बोलण्याचा सुसह्य वेग मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द. त्यातून हशाचा, थांबण्याचा आणि इकडून तिकडे चालण्याचा वेळ वजा केला की पाच मिनिटांच्या सेटला, म्हणजे एका वेळच्या सादरीकरणाला, ४५० ते ५०० शब्द पुरतात. बहुतेक नवखे आठशे-नऊशे शब्द लिहून आणतात, मग ते बसवायला रेल्वेतल्या उद्घोषणेसारखे धावतात. घरी एकट्याने मोठ्याने म्हणताना सेट चार मिनिटांत संपला पाहिजे. उरलेलं मिनिट प्रेक्षकांचं. वेळ संपायला एक मिनिट असताना मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं, त्याला "लाइट" म्हणतात. लाइट दिसला की हातातला बिट, म्हणजे एका विषयावरचा विनोदाचा तुकडा, पुरा करून उतरायचं. वेळ खाणाऱ्याला आयोजक पुन्हा बोलवत नाहीत, विनोद कितीही चांगला असो.

पाच मिनिटांत तीन बिट पुरेत. पहिला हशा पंधरा-वीस सेकंदांच्या आत यायला हवा. "कसे आहात पुणेकर? मागे आवाज येतोय का? मी पहिल्यांदाच करतोय" यात नेमकी तीच पंधरा-वीस सेकंदं जातात. शिवाय "पहिल्यांदाच करतोय" ऐकलं की लोकांना तुमची काळजी वाटायला लागते, आणि काळजीत असलेला माणूस हसत नाही.

लिहायला बसताना विषय घेऊन बसू नका. "एसी" हा विषय झाला, त्यात विनोद नाही. "बाबांनी एसी विकत घेतला, पण लावत नाहीत" यात आहे, कारण इथे काहीतरी खटकतंय. रोज अर्धा तास काढा आणि दहा वाक्यं लिहा, सगळी एकाच साच्यातली: मला अमुक गोष्टीचा राग येतो, किंवा लाज वाटते, भीती वाटते, ती कळतच नाही, कारण... आणि पुढे खरं कारण. दहातली आठ टाकाऊ निघतील, ते गृहीतच धरा. पुणेरी पाट्या, एक ते चारची झोप, मुंबई विरुद्ध पुणे, बायकोचं माहेर, इंजिनिअरिंगच्या केट्या, रिमोटवरचं प्लास्टिक: एवढ्या गोष्टींना वर्षभर हात लावू नका. त्या वाईट आहेत असं नाही, पण तुम्ही तोंड उघडल्याबरोबर लोकांना शेवट दिसतो.

त्या एसीचंच पुढे बघू. कट्ट्यावर सांगतो तसा पहिला खर्डा:

"आमच्याकडे एसी आहे, म्हणजे दोन वर्षं झाली घेऊन, पण बाबा तो फक्त पाहुणे आले की लावतात, नाहीतर नाही, त्यामुळे मे महिन्यात खूप उकडायला लागलं की मीच आत्याला फोन करून राहायला बोलावतो, असं चाललेलं असतं."

कल्पना चांगली आहे, पण स्टेजवर फक्त दोन-चार स्मितं मिळतील. "दोन वर्षं झाली" आणि "नाहीतर नाही" यांचं इथे काहीच काम नाही. आत्याला फोन करणं हा पंच आहे, पण तो कळल्यावरही वाक्य संपत नाही. "असं चाललेलं असतं" येईपर्यंत प्रेक्षक सभ्यपणे थांबतो आणि त्या थांबण्यात हसू विरतं. शिवाय सगळं वृत्तांतासारखं सांगितलंय, घडताना काहीच दिसत नाही.

दुसरा खर्डा:

"बाबांनी एसी घेतला. लावतात कधी? पाहुणे आले की. मे महिना. चाळीस डिग्री. मी फोन करतो... 'आत्या, ये ना राहायला.'"

आता "राहायला" या शब्दावर वाक्यही संपतं आणि चित्रही पुरं होतं. पुढे बोलायला काही नाही, म्हणून हसायला जागा आहे. इथे न थांबता टॅग शोधायचे. टॅग म्हणजे त्याच तयारीवर, पंचाआधी दिलेल्या माहितीवर, फुकटात मिळणारे पुढचे हशे:

"आत्या बाबांना म्हणते, 'दादा, किती जीव लावतो रे हा पोरगा!' जीव नाही, आत्या. एसी. अठरावर."

इथे शब्दांची निवड बघण्यासारखी आहे. कोटी "लावणे" या क्रियापदावर आहे. ती बसायची तर "लावतात" हा शब्द आधी एकदा कानावरून जायला हवा, म्हणून वर "चालू करतात" लिहिलेलं चालणार नाही. पण मध्ये "फोन लावतो" म्हटलं तर तोच शब्द एकदा जास्त वाजतो आणि कोटीचा सुगावा लागतो, म्हणून तिथे "फोन करतो". आणि "अठरावर", "अठरा डिग्रीवर" नाही. डिग्री वर येऊन गेलीय, लोक जुळवून घेतात. जुळवायला थोडं काम त्यांनाही ठेवावं, हसू त्यातूनच येतं.

आणखी एक टॅग: "जूनमध्ये बिल आलं. बाबांनी ते आत्याला पाठवलं."

तुमच्या अडचणीचं मूळ इथे आहे. मराठीचं सरळ वाक्य क्रियापदावर संपतं. पंच असतो नामात, आणि नाम येतं त्याच्या अलीकडे. "बाबांनी ते आत्याला पाठवलं" यात हसण्याचा शब्द "आत्याला", आणि त्याच्यावर "पाठवलं" येऊन बसतं. आपली भाषा मात्र शब्दांची जागा हलवू देते, तेव्हा हलवा:

"जूनमध्ये बिल आलं. बाबांनी फोटो काढून पाठवलं... आत्याला."

मजकूर तोच, हशा दुप्पट. एकूण बिट चाळीसेक शब्दांचा, हशे धरून तीस-पस्तीस सेकंदांचा, आणि हसण्याच्या चार जागा. सगळा सेट इतका दाट करायला जाऊ नका, लोकांना श्वासही घ्यायचा असतो. सुरुवातीला मिनिटाला चार खरे हशे आले तरी पुष्कळ झालं.

उद्गारांचंही हेच. "'मग तू एकटाच जा' असं आजी म्हणाली" हे लिहायला ठीक, बोलायला नाही. आधी "आजी म्हणाली", मग आजीचं वाक्य, मग तोंड बंद. आपली संहिता घ्या, प्रत्येक पंचाचा शब्द अधोरेखित करा आणि त्याच्या उजवीकडे काय उरलंय ते बघा. "आहे", "होतं", "ना", "वगैरे", "अशी गंमत" यांतलं काही उरलं असेल तर कापा, किंवा उचलून अलीकडे आणा. फक्त हे पंचाच्या वाक्यापुरतं. सगळीच वाक्यं उलटी करायला लागलात तर बोलणं नाटकी होतं, आणि सरळ वाक्यांच्या रांगेत एक उलटं आल्याचा जो झटका असतो तोही जातो.

आणखी एक गळती सांभाळा: पंचाचा शब्द आदल्या वाक्यात सांडणं. "आत्या महिनाभर होती त्यामुळे बिल खूप आलं" असं म्हटलंत की "आत्याला" म्हणायच्या आधीच लोक तिथे पोचलेले असतात.

तयारीचं वाक्य गंभीरपणे कसं म्हणायचं हे शिकायला आपल्याकडे तमाशाची बतावणी आहे. गण, गौळण झाली की बतावणी आणि मग वग. बतावणीत एक सरदार असतो आणि एक सोंगाड्या. सरदार म्हणतो, "आम्ही मुलुखगिरीवर निघालो." सोंगाड्या: "मुलगी घरी? मग आपण बाहेर कशाला निघालो?" अशा देवाणघेवाणीत नजर सोंगाड्यावर जाते, पण भार सरदाराच्या अंगावर असतो. त्याला मुलुखगिरी खरोखर महत्त्वाची वाटत असेल तरच समोरचा येडपटपणा उठून दिसतो. सरदार हसला की बतावणी पडली. एकट्याच्या सेटमध्ये ही दोन्ही कामं तुमचीच. "बाबांनी एसी घेतला" सरदारासारखं म्हणा, घरातली मोठी घटना सांगावी तसं. ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवून तयारी केलीत तर पुढे विनोद येतोय याची दवंडीच पिटली जाते. स्किट लिहीत असाल तर हा नियम आणखी कडक: सात-आठ मिनिटांच्या स्किटमध्ये किमान एक पात्र असं हवं ज्याला यात काही गंमत वाटत नाही. पाचही पात्रं वेडी असली की नुसता गलका होतो, आणि टीव्हीवर तो हल्ली पुरेसा आहे.

आत्या, बाबा, तुम्ही: ही तीन माणसं एकट्याने उभी करायची आहेत. एकपात्रीची परंपरा आपल्याकडे दणकट आहे. लक्ष्मणराव देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ व्यक्तिरेखा करायचे. अशा प्रयोगांचं चित्रण बघताना एकदा आवाज बंद करून बघा. माणूस बदलतो तो आधी मानेत, नजरेत आणि खांद्यात, गळ्यात नंतर. नवखा मात्र आत्या म्हटलं की चिरका आवाज काढतो. दहा सेकंदांत तो आवाज थकतो, शब्द कळेनासे होतात. त्याऐवजी आत्याला थोडी सावकाश बोलवा, ती डावीकडे बघून बोलते हे ठरवा आणि सेटभर ते पाळा. बाबा उजवीकडे, आणि खुर्चीत बसलेले असतील तर नजर खाली. तुमची प्रतिक्रिया सरळ प्रेक्षकांकडे. नजरेची जागा एकदा चुकली की कोण बोलतंय याचा घोळ होतो, आणि घोळ निस्तरेपर्यंत पंच निघून जातो.

"किती जीव लावतो रे" म्हणताना आत्या कानशिलांवर बोटं मोडते, ही हालचाल वाक्याच्या आधी करा. हालचालीने ओळख पटते, मग वाक्य मोकळं होतं. पण तुमच्या एका हातात माइक आहे. एका हाताने बोटं मोडली तर ती माशी हाकलल्यासारखी दिसतात. म्हणून दोन्ही हात लागणारा बिट असेल तर माइक स्टँडवरच राहू द्या आणि तो बिट सेटमध्ये पहिला ठेवा. पुढे माइक काढून घ्यायचा झाला तर काढल्यावर रिकामा स्टँड उचलून मागे ठेवा, तुमच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये नको.

माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज कोंडतो आणि शिट्टी वाजते. दांडा धरा. जाळी तोंडापासून तीन-चार बोटांवर, सरळ समोर न ठेवता हनुवटीच्या बाजूला जरा खाली, म्हणजे प, फ, भ यांचा फुत्कार थेट आत जात नाही. ओरडायचं असेल तेव्हा माइक वीतभर लांब न्या. आणि प्रत्येक पंचानंतर हात खाली सोडायची सवय लागली असेल तर मोडा. पुढचे दोन शब्द कायम हरवतात आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही.

हशा आल्यावर काय करायचं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. हशा चढतो, टेकतो आणि उतरतो. तो चढत असताना बोललात तर लोक पुढचं ऐकायला स्वतःच गप्प होतात, आणि दोन-तीनदा असं झालं की हसायचं नसतं असं त्यांना वाटू लागतं. पूर्ण शांततेची वाट बघितलीत तर प्रत्येक विनोदाला शून्यापासून सुरुवात. हशा निम्म्याच्या खाली आला की पुढचा शब्द टाका. पंचाआधीचा थांबाही मोजून: "पाठवलं" आणि "आत्याला" यांच्यात अर्धा सेकंद. दीड सेकंद थांबलात तर पहिल्या रांगेतलं कुणीतरी तुमच्या आधी म्हणेल, "आत्याला!" तोही हशा होईल, पण त्याचा.

पाठांतर शब्दशः करू नका, असं सांगणारे भेटतील. माझं मत वेगळं आहे: पंचाचं वाक्य आणि त्याच्या आधीचं वाक्य शब्दशः पाठ, बाकी मुद्द्यांनी लक्षात. सगळंच पाठ असेल तर एक शब्द निसटला की गाडी थांबते. काहीच पाठ नसेल तर दर वेळी पंचाची रचना बदलते आणि काय चाललं, काय पडलं हे कळत नाही. तीन बिटांचे तीन शब्द तळहातावर लिहायला हरकत नाही.

प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना संहितेच्या कागदावर खुणा करा: मोठा हशा दोन टिका, हलका एक, शांतता शून्य. कुठे आला हेही लिहा. पुष्कळदा हशा तुम्ही ठरवलेल्या जागी न येता दोन शब्द आधी येतो. मग पंच तिथेच आहे, पुढचं कापा. एका वेळी एकच बदल करून तोच सेट आठ-दहा ठिकाणी करा. दर आठवड्याला नवा सेट लिहिणारा वर्षाच्या शेवटी पन्नास कच्चे सेट घेऊन बसलेला असतो. हेही लक्षात ठेवा की ओपन माइकच्या खोलीत निम्मे लोक आपल्या नंबराची वाट बघणारे कॉमिक असतात. ते मनातल्या मनात स्वतःचा सेट घोकत असतात, त्यांच्या गप्प बसण्यावरून विनोद फेकू नका. तीन वेगळ्या खोल्यांत शून्य मिळालं तर फेका.

सेट पडत असेल तर वेग वाढवू नका आणि "हा जोक कळला नाही वाटतं" म्हणू नका. आजचे प्रेक्षक कसे आहेत यावर तर अक्षरही नको. चालू बिटचे टॅग सोडा, पुढच्या बिटवर या, आणि शेवटचा सर्वांत भरवशाचा बिट वेळेच्या आत करून उतरा. प्रेक्षकांशी गप्पा मारून सावरायचा मोह होतो. क्राउड वर्क म्हणतात ते सोपं दिसतं, कारण जमलेलीच क्लिप फिरते. पहिलं वर्षभर त्यात शिरू नका.

आडनाव, गाव, बोली आणि ताटातलं जेवण या चार गोष्टी मराठीत तोंडातून निघाल्या की ऐकणाऱ्याला जात ऐकू येते, तुमच्या मनात असो वा नसो. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं पात्र घ्या, पण हसू त्याच्या हिशेबीपणाचं, हट्टाचं यावं. नुसत्या हेलावर येणारा हशा पुण्यात मिळतो, नागपुरात किंवा कुडाळात मिळत नाही, यावरूनच त्याची किंमत कळते.

कुठे शिकायचं? आधी चार ओपन माइक नुसते प्रेक्षक म्हणून बघा, हातात वही घेऊन, आणि कोण का पडलं ते लिहा. पडणाऱ्यांकडून जास्त शिकायला मिळतं. एकांकिका करणारा एखादा ग्रुप मिळाला तर आवाज, उभं राहणं आणि दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघणं तिथे फुकट शिकता येतं. पैसे घेणारी कार्यशाळा करायची असेल तर एकच गोष्ट विचारा: प्रत्येकाला स्वतःचं लिहिलेलं किती वेळा सादर करायला मिळणार? दोनदापेक्षा कमी असेल तर ते पैसे बसभाड्याला ठेवा. आठवड्याला दोन माइक आणि रोजचा अर्धा तास धरला, तर अनोळखी खोलीत चालतील अशी पाच मिनिटं तयार व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं.

पडलेल्या त्या दोन सेटचं रेकॉर्डिंग असेल तर नवीन काही लिहायच्या आधी ते जसंच्या तसं कागदावर उतरवा, "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" सकट. शब्द मोजा. साडेपाचशेच्या वर असतील तर आधी तिथे कात्री. मग पंचाचे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या उजवीकडे बघा.